क्लचशिवाय तबूकपर्यंत

रियाधच्या अल मलाझ भागातल्या आमच्या इमारतीत जिन्याशेजारी एक लोखंडी शटर होतं. आम्ही तिथं राहायला आल्यापासून मी ते कधी उघडं पाहिलं नव्हतं. आत घरमालकिणीचं जुनं सामान असेल असं मी धरून चालले होते. घरमालकीण पहिल्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. पंचाहत्तरीला आलेल्या, ताठ पाठीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. सगळी इमारत त्यांना खाला म्हणायची, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणायला लागले. आमचं बोलणं चालायचं त्यांच्या झोकदार इंग्रजीत आणि माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत.

सौदीत बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नंबर लागायला आणि माझा धीर व्हायला बराच काळ गेला. शेवटी लायसन्स हातात पडलं त्या दिवशी मी दुधाच्या पावडरीचे पेढे केले आणि खालांकडे घेऊन गेले. त्यांनी पेढा खाल्ला, लायसन्सचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "गिअरची गाडी येते, की नुसती ऑटोमॅटिक?"

"गिअरचीच येते, खाला. लग्नाआधी मी नाशिकला गिअरबॉक्सच्या कारखान्यात इंजिनिअर होते. टेस्टिंगला."

खालांनी हात पुसले, कपाटातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाल्या, "चल खाली."

शटर वर जायला तयारच नव्हतं. दोघींनी मिळून रेटलं तेव्हा कुठं कमरेइतकं उघडलं, आणि आम्ही वाकून आत शिरलो. धुळीनं राखाडी झालेल्या जाड कापडाखाली एक बुटकी, दोन दारांची गाडी उभी होती. खालांनी कापडाचा एक कोपरा उचलला. खाली फिकट पिस्त्याच्या रंगाचा पत्रा, गोल दिवे आणि मधोमध छोटीशी जाळी. मी गाड्यांचे भाग बघत मोठी झालेली बाई, पण इतकी नेटकी गाडी मी जवळून कधी पाहिली नव्हती.

"मिलानमध्ये बनलेली आहे," खाला म्हणाल्या. "माझे यजमान रोमच्या वकिलातीत होते तेव्हा घेतली. ते चालवायचे कमी, मी चालवायचे जास्त. रोममध्ये मी रोज चालवत होते, समजलं? रोज. मग आम्ही परत आलो."

परत आल्यावर काय झालं ते मला सांगायची गरज नव्हती. मीही किती वर्षं या शहरात मागच्या सीटवर बसून काढली होती.

मग म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांची एक फेरी निघणार आहे. रियाधहून तबूकला. तबूक माझं माहेर. माझा भाऊ म्हणतो, गाडी एखाद्या शौकिनाला देऊन टाक. मला ती तबूकला न्यायची आहे. तू चालवशील?"

मी हो म्हणाले. गाडीचं इंजिन फिरतं की नाही हेसुद्धा न बघता.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो टीव्ही बंद करून माझ्याकडे बघत राहिला. तो ओलायातल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. त्याच्या कामात बंद पडलेली गोष्ट बंद करून परत चालू केली की बहुतेक वेळा चालते.

"अगं, तेराशे किलोमीटर आहे तबूक. आणि गाडी तुझ्या वयाची."

"माझ्याहून थोडी मोठीच आहे."

"मग?"

"मग मी चालते की अजून."

तो हसला. त्यानंतर त्यानं एकदाही नको म्हटलं नाही. इटलीतून सुटे भाग मागवायचं सगळं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. वर्षानुवर्षं जुन्या गाड्यांचे भाग जपणाऱ्या तिकडच्या म्हाताऱ्या दुकानदारांशी तो भाषांतराचं ॲप वापरून गप्पा मारायचा. कुणाच्या नातवाचं बारसं झालं हेही आम्हाला कळायचं.

सनाइयात, म्हणजे शहराबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीत, रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांचं मोठं वर्कशॉप होतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या दुरुस्त करत त्यांची उमेदवारी झाली होती. त्या टॅक्सीचा मूळ आराखडाही इटलीचाच, त्यामुळे पिस्ता रंगाच्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर ते एखाद्या नातेवाइकाला भेटावं तसे हसले.

"ताई, ही त्या टॅक्सीची श्रीमंत मावसबहीण दिसते," ते म्हणाले. मग वाकून बराच वेळ बघत राहिले. "इंजिन अडकलंय. पण मेलेलं नाय."

पुढचे काही महिने माझ्या सगळ्या सकाळी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. प्लगच्या भोकांतून सिलिंडरमध्ये तेल सोडून आम्ही वाट बघत बसलो. रोज थोडं तेल, रोज पान्यानं हलका जोर. एका सकाळी पाना केसभर सरकला आणि आम्ही दोघंही एकदम ओरडलो. मग टाकीतला गंज, दगडासारखे झालेले रबरी पाइप, जाम झालेले ब्रेक. दोन कार्ब्युरेटर मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर सुटे केले. पितळेच्या बारीक बारीक नळ्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. नवरा ताट हातात घेऊन सोफ्यावर जेवला.

संध्याकाळी खाला वर यायच्या आणि चहा घेताना मला इटलीच्या गोष्टी सांगायच्या. रोममध्ये त्यांना गाडी शिकवायला एक म्हातारा येत असे. लहानपणी तो ब्रेशियात राहायचा. तिथून शर्यतीच्या गाड्या सुटायच्या त्या सरळ गावागावांतून रोमपर्यंत आणि तिथून परत ब्रेशियाला, हजार मैल, साध्या रहदारीच्या रस्त्यांवरून. लोक दारात खुर्च्या टाकून बसायचे. बापानं खांद्यावर घेतलेल्या त्या पोरानं लाल गाड्या धुळीच्या लोटातून येताना पाहिल्या होत्या. पुढं एका वर्षी भयंकर अपघात झाला, माणसं गेली, आणि ती शर्यत बंदच करून टाकावी लागली. हे सांगताना तो गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावायचा, असं खाला म्हणाल्या.

"लालच का?" मी विचारलं.

"तेव्हा प्रत्येक देशाला शर्यतीसाठी रंग ठरवून दिलेला होता. फ्रान्सला निळा, इंग्लंडला हिरवा, इटलीला लाल."

त्यांच्या आवडीची गोष्ट मात्र नेपल्सच्या एका मुलीची होती. तिचे भाऊ तिला चिडवत, तुला काय वेगानं गाडी चालवता येणार! म्हणून ती एका इवल्याशा गाडीतून शर्यतीत उतरली आणि जिंकली. पुढं ती जगातल्या सगळ्यात अवघड शर्यतींच्या रांगेत पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहिली. तिच्याआधी तिथं कुणी बाई गेली नव्हती. "त्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी मला तिची गोष्ट सांगितली," खाला म्हणाल्या, "आणि मग म्हणाला, आता चावी फिरवा."

मीही त्यांना आमच्याकडचं सांगितलं. युद्धानंतर इटलीतल्या विमानांच्या एका कारखान्याला विमानं बनवायची बंदी झाली, तेव्हा त्यांनी छोट्या चाकांची स्कूटर काढली. तीच पुढं भारतात बनायला लागली आणि माझ्या वडिलांना कित्येक वर्षं नंबर लावल्यावर मिळाली. चालू होत नसली की वडील तिला एका अंगावर आडवी करायचे आणि मग किक मारायचे. खाला इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा वर्कशॉप निळ्या धुरानं भरून गेलं. रत्नागिरीकर डोळे पुसत होते. धुरानंच, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. खाला कान देऊन ऐकत होत्या. "रोममध्ये आवाज याहून जरा मोठा होता," त्या म्हणाल्या. "सायलेन्सर नवा बसवलात वाटतं?" बसवला होता.

आता तो भाऊ. तबूकला राहणारे, सैन्यातून निवृत्त झालेले, खालांहून धाकटे. फेरीला पंधरवडा असताना ते रियाधला आले. गाडीभोवती फिरले, टायर बघितले आणि मग माझ्याकडे न बघता बहिणीला म्हणाले, "माझा मुलगा चालवील. तू विमानानं ये."

"माझी ड्रायव्हर ठरली आहे," खाला म्हणाल्या.

"एक बाई चालवणार, दुसरी रस्ता दाखवणार. सतहावरूनच येणार तुम्ही." सतहा म्हणजे बंद पडलेली गाडी पाठीवर घालून नेणारा सपाट ट्रक.

"बिन्ती," खाला माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्या मला 'माझी पोरगी' या अर्थानं अशीच हाक मारत. "चहा थंड होतोय तुझा."

भावानं पुन्हा तो विषय काढला नाही.

फेरी निघाली ती थंडीतल्या एका स्वच्छ सकाळी. अमेरिकन लांबलचक गाड्या, जर्मन, इंग्रज, आणि आमची एकटी पिस्त्याच्या रंगाची. नोंदणीच्या टेबलावरच्या तरुणानं आमच्या मागं पाहत विचारलं, "ड्रायव्हर कुठं आहे?" मी लायसन्स टेबलावर ठेवलं. तो ओशाळला आणि मग मोकळेपणानं हसला. "अहलन, या या," म्हणाला, आणि आमच्या दारावर नंबर स्वतः चिकटवून दिला.

ही फेरी वेगाची नव्हती. प्रत्येक टप्पा ठरवून दिलेल्या वेळेत पार करायचा. उशीर झाला तरी दंड, लवकर पोचलं तरी दंड. जो ठरलेल्या वेळेच्या सगळ्यात जवळ, तो पुढं. म्हणजे गाडीच्या ताकदीपेक्षा शेजारी बसलेल्या माणसाचं डोकं महत्त्वाचं, आणि माझ्या शेजारी खाला होत्या. वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती, तेव्हापासून त्यांना लांबची पाटी माझ्याआधी दिसायची. मांडीवर नकाशा, गळ्यात दोन घड्याळं. "हळू. अजून हळू. आता दे." बुरैदाच्या खजुरांच्या बागांमधून, तिथून हाइलच्या डोंगरांकडे, मी फक्त त्यांचा आवाज ऐकत चालवत होते. हाइलला आमच्या गटाच्या निकालाचा फळा लागला तेव्हा आमचं नाव वरून दुसरं होतं. आमच्या पुढं फक्त एक जर्मन गाडी. खालांनी फळा दोनदा वाचला आणि हॉटेलात जाऊन भावाला फोन लावला. बोलल्या फक्त तब्येतीचं आणि हवेचं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "अच्छा, आणि आम्ही दुसरे आहोत."

तैमाला मुक्काम झाला. शेवटच्या दिवशी तबूकचा रस्ता धरला, सपाट वाळवंट आणि बोचरा वारा. पहिल्या पेट्रोल पंपावरून निघताना मी क्लच दाबला आणि पाय सरळ खाली गेला. पेडल जमिनीला टेकलं ते वर येईचना. उतरून गाडीखाली पाहिलं तर तेल ठिबकत होतं. क्लचच्या सिलिंडरमधलं रबर फाटलं होतं. तेल भरून पाहिलं. भरावं तितकं खाली.

फेरीबरोबर येणारा सतहा पंपावरच उभा होता. त्याच्या माणसानं आपुलकीनं विचारलं, "चढवू का? तबूकला आरामात पोचाल." चढवली असती तर आमची फेरी तिथंच संपली असती.

खाला फक्त माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

क्लचशिवाय गाडी चालवता येते. नाशिकला टेस्टिंगमध्ये आम्ही मुद्दाम तसं करून बघायचो. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग एका क्षणी जुळतो, आणि त्या क्षणी गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. तो क्षण हुकला की सगळे दाते ओरडतात. पण ते कारखान्याच्या आवारात, पंचविशीतलं. इथं अडीचशे किलोमीटरहून जास्त रस्ता, शेवटी शहर, आणि हातात दुसऱ्याच्या आयुष्यभराची ठेव.

"खाला," मी म्हणाले, "नेता येईल. पण थांबायचं नाही. थांबलो की प्रत्येक वेळी स्टार्टरवरच गाडी ओढायला लागेल, आणि बॅटरी त्याला किती पुरेल ते सांगता येत नाही. शिवाय गिअरबॉक्सला इजा झाली तर..."

"तुझा हात काय म्हणतो?"

मी गिअरच्या दांड्यावर हात ठेवून पाहिलं. "हो म्हणतो."

"मग यल्ला, चल."

इंजिन बंद, पहिला गिअर, आणि चावी फिरवली. गाडीनं एक धक्का खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि इंजिन धडधडत पेटलं. आम्ही निघालो. सतहावाला टाळ्या वाजवत मागं राहिला. पाय उचलला, गिअर बाहेर काढला, इंजिन उतरत जाण्याची वाट पाहिली. आता. दुसरा बसला. कर्र आवाजही नाही. तिसरा. चौथा. खालांनी रोखून धरलेला श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मोकळ्या रस्त्यावर काही अडचण नव्हती. मी चौथ्यातून बाहेर यायचंच नाही असं ठरवलं होतं. पुढं उंटांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला तेव्हा खालांनी तो इतक्या लांबून ओळखला की मला ॲक्सिलरेटर सोडून नुसतं घरंगळत जायला वेळ मिळाला. शेवटचा उंट बाजूला झाला आणि आम्ही न थांबता मागून निसटलो.

तबूकच्या अलीकडे सैनिकांची चौकी आली. तिथं थांबावंच लागतं. खालांनी काच खाली केली, अर्ध्या बाहेर आल्या आणि आपल्या माहेरच्या बोलीत खणखणीत ओरडल्या, "बाळा, थांबवू नकोस रे! क्लच गेलाय!" सैनिक विशीतला असेल. त्यानं आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारावरच्या नंबराकडे. आणि हसत हसत दोन्ही हातांनी रस्ता मोकळा करून दिला. पुढच्या सैनिकालाही त्यानं ओरडून सांगितलं. आम्ही चालत्या माणसाच्या वेगानं चौकी पार केली, दोन्ही बाजूंनी सलाम घेत.

खरी परीक्षा शहरात होती. सिग्नल. "लाल आहे, पण समोरचे निघतील आता. हळू ये, हळू ये... हिरवा!" खाला चौक यायच्या आधीच सगळं सांगत होत्या. तीन सिग्नल असे निघाले. चौथ्यावर पुढची गाडी अडली आणि थांबणं भाग पडलं. इंजिन बंद केलं, पहिला टाकला आणि वाट पाहत बसलो. हिरवा झाला. चावी फिरवली तर स्टार्टर कण्हला. मागून हॉर्न वाजायला लागले. पुन्हा फिरवली. गाडी हातभर सरकली आणि थांबली. तिसऱ्यांदा मी चावी फिरवली तेव्हा माझे ओठ हलत होते, आणि खालांचेही. इंजिन पेटलं.

जुन्या हिजाझ रेल्वेच्या स्टेशनाजवळच्या मैदानात कमान उभारली होती. आम्ही तिच्याखालून गेलो तेव्हा माझी उजवी बाही घामानं भिजली होती, तीही त्या थंडीत. खालांनी घड्याळ दाबलं आणि बघून मान हलवली. पंपावर गेलेला वेळ भरून निघाला नव्हता, पण फार काही गमावलंही नव्हतं.

भाऊ मुलं-नातवंडांसह पुढं आले. "गाडी इतक्या हळू का आणलीत?" त्यांनी विचारलं. मी दार उघडून त्यांना पेडल दाखवलं. त्यांनी वाकून ते हातानं दाबलं. पेडल मेल्यासारखं खाली पडून राहिलं. सैन्यात त्यांनी ट्रक चालवले होते, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. ते तसेच वाकलेले राहिले. मग उभे राहून विचारलं, "कुठून?"

"तैमाच्या पुढच्या पंपापासून."

त्यांनी आपल्या मुलांना हाक मारली. "इकडे या. या बाईंनी काय केलंय ते बघा." आणि प्रत्येकाला ते पेडल दाबून बघायला लावलं.

एवढ्यात खाला माझ्या बाजूला आल्या. "सरक," म्हणाल्या.

"बहिणी, अगं क्लच नाही गाडीला!" भाऊ म्हणाले.

"म्हणूनच तर. एक पेडल कमी."

मैदान बंदिस्त होतं आणि मधला भाग रिकामा होता. मी शेजारच्या सीटवर गेले. खालांनी सीट पुढं घेतली, आरसा नीट केला आणि चावी फिरवली. गाडी उडी मारून निघाली, आणि पहिल्या गिअरमध्ये, नाकासमोर बघत, खालांनी मैदानाला एक पूर्ण फेरी मारली. बाजूच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, मग सगळेच वाजवायला लागले. भावाच्या सुना तिकडच्या रीतीप्रमाणे तोंडावर बोटं हलवत आनंदाची लांब किंकाळी फोडत होत्या. भाऊ टाळ्या वाजवत गाडीच्या बरोबरीनं चालत होते. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा त्यांना पळावं लागलं.

आमच्या गटात आम्ही तिसरे आलो. चषक खालांनी घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तो परत त्यांच्या हातात दिला. शेवटी दोघींनी एकेका कानाला धरून फोटो काढला. नवरा विमानानं नवं रबर घेऊन आला. रत्नागिरीकरांनी फोनवरून सांगितलेल्या क्रमानं मी ते खालांच्या भावाच्या अंगणात बसवलं, आणि भाऊ स्वतः पाने हातात देत होते. परतीचा सगळा रस्ता आम्ही मजेत, वाटेल तिथं थांबत आलो.

रियाधला आल्यावर खालांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वर्गात अठरा-वीस वर्षांच्या मुली आणि या. डॉक्टरांनी डोळे तपासून होकार दिला आणि पहिल्याच परीक्षेत त्या पास झाल्या. मागच्या शुक्रवारी रस्ते रिकामे असताना त्या मला पिस्त्याच्या रंगाच्या गाडीतून ओलायाच्या उंच इमारतींमधून फिरवून घेऊन आल्या. एका चौकात बाजूला एक नवीकोरी लाल इटालियन गाडी येऊन उभी राहिली. आतला तरुण आमच्याकडे बघून हसला आणि इंजिन गुरगुरवायला लागला. खालांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सिग्नल हिरवा झाला, त्यांनी शांतपणे क्लच सोडला आणि त्याच्याआधी निघाल्या.